मागे राहणाऱ्याचा नियम

माणसं देश सोडून का जातात, हे धाकटी परदेशात बसून संगणकावर ताडून बघायची. तिने दहा हजार लुटुपुटीची माणसं बनवली होती. प्रत्येकाला वय, शिक्षण, आईबाप, परदेशातले नातलग, सगळं दिलेलं. बटण दाबलं की ती आधी इच्छा धरत, मग बेत आखत, कागदपत्रं जमवत आणि काही निघून जात. घरातला एक गेला की बाकीच्यांची वाट सोपी होते, हा तिचा लाडका नियम. पण खऱ्या आकड्यांशी मेळच बसेना. संगणकात घरंच्या घरं रिकामी होत. प्रत्यक्षात कुणीतरी हमखास मागे राही.

नवी प्रश्नावली तपासून बघायला तिने घरी ताईला फोन लावला.

"परदेशी जायची इच्छा झाली होती कधी?"

"हो."

"बेत केला होतास?"

"हो."

"आणि कागदपत्रं?" धाकटीला हसू आलं. "ताई, थट्टा नको गं, खरी उत्तरं दे."

"खरीच देतेय. नर्सची नोकरी मिळाली होती. व्हिसासुद्धा लागला होता."

"कधी?"

"तुझं तिकडच्या प्रवेशाचं पत्र आलं ना, त्याच्या आठवडाभर आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आईचे पाय तेव्हाच गेले. दोघी निघालो असतो तर तिला कुणी बघायचं? त्यात तू घरभर नाचत होतीस. चल, पुढचं विचार, आईला आंघोळ घालायचीय."

धाकटीने प्रश्नावली मिटली. निघताना विमानतळावर तिने ताईला मिठी मारून म्हटलं होतं, "तू म्हणजे अगदी घरकोंबडी!" आणि ताई हसली होती.

तिने नवा नियम लिहिला: एक गेला की दुसऱ्याचे पाय घरात अडकतात. आकडे चटकन जुळले. साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, आता तू जा," तिने फोनवर गळ घातली. "आईला मी येऊन सांभाळते."

"अगं, पंचेचाळिसावं सरलं मला. आता कोण घेतंय?"

कुणीच घेत नव्हतं. वयाची ती अट धाकटीनेच मॉडेलमध्ये घातली होती.

तरी रजा टाकून ती महिनाभर घरी गेली. आईला पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं, ते ताईने दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा धाकटीने काखेत हात घातले, पण आई कण्हली.

"राहू दे गं," आई म्हणाली, "मोठीला बोलाव."