कोर्ट उठेपर्यंत

रविवारी दुपारी प्रणिताचा फोन आला, तेव्हा सुचित्राबाईंचा दुसरा पेग संपत आला होता.

प्रणिता म्हणजे होस्टेलमधली त्यांची रूममेट. लग्न होऊन नाशिकला गेली आणि मग वर्षातून दोन-तीन फोनांपुरती उरली. "अगं, मी माळीवाड्याच्या स्टँडवर आहे. सोलापूरच्या गाडीचं टायर बदलतायत, अर्धा तास तरी जाईल म्हणतात. येतेस का? नुसतं तोंड तरी बघू एकमेकींचं."

"आलेच," सुचित्राबाई म्हणाल्या.

रिक्षा करावी असं मनात आलं होतं. पण रविवारी दुपारी सावेडीत रिक्षासाठी कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, तेवढ्यात बस सुटली तर? त्यांनी तोंड धुतलं, साडी बदलली, एक वेलदोडा दाढेखाली धरला आणि माधवरावांची गाडी बाहेर काढली.

माधवराव पाटबंधारे खात्यात होते. दर शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको गच्चीवर बसून दोन-दोन पेग रम घ्यायचे. सोबत शेंगदाणे, कांदा आणि आठवडाभराच्या गप्पा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कुणापासून काही लपवायचंही नव्हतं. माधवराव गेल्यावर सुचित्राबाईंनी शनिवार चालू ठेवला. मग शनिवारचा शुक्रवार झाला, रविवारही झाला, आणि कॉलेजातून निवृत्त झाल्यावर वाराचं काही उरलंच नाही. बाटल्या त्या पिशवीत घालून दुसऱ्या वसाहतीतल्या भंगारवाल्याकडे देऊन येत. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाई संध्याकाळी काय करतात, हे नगरात कुणालाही माहीत नव्हतं.

चौक ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला सीताफळांची हातगाडी होती. गाडीवाला खाली पडलेलं वजनाचं माप उचलायला वाकला होता. सुचित्राबाईंना हातगाडी दिसली, माणूस दिसला नाही. ब्रेक लागला, पण उशिरा. चाक त्याच्या पावलावरून गेलं.

त्याची किंकाळी ऐकून त्या उतरल्या. "मी दवाखान्यात नेते, बसवा त्यांना गाडीत," असं त्या म्हणत होत्या, पण जवळ आलेला एक माणूस एकदम मागे सरला आणि ओरडला, "आरं, बाई पिलीय!" त्यानंतर सगळ्यांचे मोबाईल वर आले. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं, मग सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं. तोवर पर्समधला फोन वाजून वाजून थांबला होता. घरी सोडलं तेव्हा त्यांनी मेसेज पाहिला. ‘सुटली गाडी. नाही जमलं का? असू दे, पुन्हा कधीतरी.’ त्यांनी उत्तर लिहिलं, ‘अचानक काम निघालं गं.’

वकील कसा शोधतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाला विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून त्या कोर्टाजवळच्या गल्लीत पाट्या वाचत फिरल्या आणि एका झेरॉक्सच्या दुकानावर बाईचं नाव दिसलं तिथे जिना चढल्या. ॲडव्होकेट एलिझाबेथ पाटोळे पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, भरभर बोलणाऱ्या होत्या. त्या डबा खात होत्या. त्यांनी डबा बाजूला सारला आणि सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, दोन गोष्टी आहेत. एक, दारू पिऊन गाडी चालवणं. दुसरी, निष्काळजीपणानं दुखापत. त्या माणसाच्या पायाचं हाड मोडलंय, म्हणजे दुसरी गोष्ट साधी नाही. आता मला सांगा, तुम्ही घेतली तेव्हा घरात कोण होतं?"

"कोणी नाही."

"कामवाली?"

"ती सकाळी येऊन जाते."

"शेजारी? दुकानदार? तुम्ही घेता हे ठाऊक असलेलं कुणी?"

सुचित्राबाईंनी खरंच आठवून पाहिलं. "नाही. कोणीच नाही."

"छान!" पाटोळेबाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. "म्हणजे पिताना पाहणारा एकही साक्षीदार नाही. रक्त कधी घेतलं, त्या रक्ताची बाटली कधी सील केली, यात मी त्यांना गाठू शकते. खोकल्याचं औषध घेतलं होतं म्हणू. तुमच्यासारख्या बाईबद्दल कोर्टाला ते पटेलही."

सुचित्राबाईंनी मान हलवली. आपल्याजवळ कुणी नसणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

"दोषारोपपत्र आलं की पहिल्या तारखेला जामीन लागेल," पाटोळेबाई म्हणाल्या. "एक माणूस आणा. घरच्यातलं कुणी, ओळखीचं कुणी. आधार कार्ड आणि घराची किंवा शेताची कागदपत्रं घेऊन यायचं, सही करायची, एवढंच."

घरचं म्हणजे अनीश. माधवरावांचा धाकटा भाऊ भिस्तबागेत राहत होता. सुचित्राबाई संध्याकाळी त्याच्याकडे गेल्या. त्याने अपघाताचा व्हिडिओ मोबाईलवर आधीच पाहिला होता. चहा आला. अनीशने कप वहिनींपुढे सरकवला.

"वहिनी, तुम्हाला नाही म्हणताना मला बरं वाटत नाही. पण रुचाचं लग्न ठरत आलंय. मुलाकडची मंडळी फार चौकशी करणारी आहेत. कोर्टाच्या कागदावर माझं नाव आलं तर..."

"कळतं मला, भावजी."

"दादा असता तर ही वेळच आली नसती," अनीश म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आतल्या खोलीतून त्याची मुलगी रुचा बाहेर आलीच नाही.

घरी येऊन त्यांनी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. स्टाफरूममधल्या बायका, गॅसवाला, माधवरावांचे दोन मित्र. त्यातले एक तर आता हयातही नव्हते. प्रणिताच्या नावावर बोट थांबलं. पण जिला खोटं सांगितलं, तिला जामीन राहायला कसं बोलवायचं? त्यांनी फोन उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या पाटोळेबाईंना म्हणाल्या, "माणूस मिळत नाही."

पाटोळेबाईंनी वही पुढे ओढली. "हरकत नाही. अर्ज देऊ. माणसाच्या जागी रोख रक्कम भरायची परवानगी मिळते कधीकधी."

परवानगी मिळाली. सुचित्राबाईंनी रक्कम भरली, पावती घेतली आणि माणसाशिवाय सुटल्या.

त्यानंतरच्या तारखा नुसत्या पडत गेल्या. पाटोळेबाई दर वेळी खोकल्याच्या औषधाची उजळणी घेत. कुठल्या दुकानातून घेतलं, किती चमचे घेतलं. सुचित्राबाई पाठ करत. एकदा त्या मध्येच म्हणाल्या, "मला कबूल करायचंय."

"काय?"

"मी प्यायले होते, असं सांगायचंय."

"मॅडम, केस चांगली आहे आपली."

"असेल. पण माझ्या रोजच्या जगण्यातलं एवढंच कुणाला तरी कळलंय, आणि तेही मी नाही म्हणून सांगू?"

पाटोळेबाईंनी चष्मा काढून पुसला. "शिक्षा काहीही होऊ शकते. आत जावं लागलं तर?"

"तुम्ही कमीत कमी मागा."

"मागेन. पण रडू नका तिथे. आमच्या साहेबांना रडणं आवडत नाही."

कबुलीच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात सुचित्राबाईंनी हातगाडीवाल्याला अपघातानंतर पहिल्यांदा पाहिलं. त्याचं नाव कल्याण होतं, मूळचा तिसगावचा. काठी टेकत आला होता. त्याच्याबरोबर बायको होती, दोघे भाऊ होते, मामा होता, आणि नऊवारी नेसलेली आई. त्यांनी डबे आणले होते, पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या. एक भाऊ सारखा कल्याणला बसायला जागा करून देत होता.

आई, बनुबाई, बराच वेळ सुचित्राबाईंकडे पाहत होत्या. मग उठून जवळ आल्या.

"तुमच्यासंगं कोनी न्हाई आलं व्हय?"

"नाही."

"मालक?"

"वारले."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

"हां," बनुबाई म्हणाल्या. मग त्यांनी मुलाकडे वळून पाहिलं. "तरी पन लई वाईट केलं तुमी. माज्या पोराचा पाय अजून ठनकतो. थंडीत तर जीव खातो त्येचा."

"हो. माझ्यामुळेच," सुचित्राबाई म्हणाल्या.

बनुबाईंना बहुधा दुसरं काही ऐकायचं होतं. भांडण, सबबी, निदान हात जोडणं. त्या परत जाऊन आपल्या माणसांत बसल्या आणि पुन्हा इकडे पाहिलं नाही.

आत पुकारा झाला. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी आरोप मराठीत सावकाश वाचून दाखवला आणि विचारलं, "हे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल आहे. मी दोन पेग रम घेतली होती. त्या गाडीवाल्यांची काही चूक नव्हती."

न्यायाधीशांनी मान वर केली. "विचार करून सांगताय ना? कुणी दबाव आणलाय?"

"कुणी नाही."

पाटोळेबाई उभ्या राहिल्या. आरोपीचं वय, निवृत्त प्राध्यापिका, पहिलाच गुन्हा, विधवा, एकटी राहते, असं सगळं म्हणाल्या. न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. दंड, कल्याणला नुकसानभरपाई, सहा महिने परवाना बंद. आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद.

"म्हणजे?" सुचित्राबाईंनी हळूच विचारलं.

"म्हणजे इथेच मागच्या बाकावर बसायचं," पाटोळेबाई कानात म्हणाल्या. "साहेब उठेपर्यंत. बाहेर जायचं नाही. सुटलात! मला वरच्या कोर्टात जायचंय, प्रत नंतर देते." आणि त्या गेल्यादेखील.

सुचित्राबाई मागच्या बाकावर बसल्या. शेजारी एक पोलीस बाई मोबाईल बघत होती. एकामागून एक केसेस निघत होत्या. शेताचा बांध कोरल्यावरून मारामारी, न वटलेला चेक, विहिरीवरून चोरलेली मोटर. एका म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, तो प्रत्येक प्रश्नाला "जी साहेब" म्हणत होता, आणि एकदा न्यायाधीशांनाही हसू आवरेना. जेवणाच्या सुट्टीत पोलीस बाईने विचारलं, "चहा सांगू का तुम्हाला?" दोघींनी चहा घेतला. तिच्या मुलीला रसायनशास्त्र अवघड जात होतं. सुचित्राबाईंनी समीकरणं कशी जुळवायची ते सांगितलं. पोलीस बाईने ऐकून घेतलं, मग तिला दुसरीकडे बोलावणं आलं.

दुपार उतरली. शिक्षा सांगताना न्यायाधीशांचा आवाज थोडा संकोचला होता, हे त्यांना आठवलं. त्या साहेबांना कसं सांगणार, की असा अख्खा दिवस माणसांच्या बोलण्यात बसून किती महिने झाले होते!

शेवटची केस पुढच्या तारखेवर गेली. न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले, त्याही उभ्या राहिल्या. वकिलांनी फायली गोळा केल्या. खोली लगेचच रिकामी झाली. शिपाई दिवे मालवायला लागला.

"मॅडम, कोर्ट उठलं. झालं तुमचं."

"हो, निघते," असं म्हणून त्या पुन्हा बसल्या. शिपायाने पाहिलं. तो पलीकडच्या खिडक्या लावत इकडे येऊ लागला, तशा त्या उठल्या आणि आपल्या बाजूची खिडकी ओढू लागल्या. कडी बसेना.

"ती लागत नाही," शिपाई म्हणाला. "राहू द्या."

त्यांनी पदर सावरला, पर्स घेतली आणि त्या जिना उतरू लागल्या.