सहावा स्टार्ट

रिक्षा बंद पडली तर चार माणसं धक्का मारतात. जहाजाच्या इंजिनाला धक्का मारायचा तर तो हवेनेच मारावा लागतो. जाड लोखंडी बाटलीत हवा दाबून भरायची. लिव्हर ओढला की ती सिलिंडरमध्ये घुसते, पिस्टनला ढकलते, ते अवजड धूड फिरायला लागतं आणि मग डिझेल पेटतं. नियम असा की बाटली एकदा भरली की पुन्हा न भरता इंजिन सहा वेळा चालू झालं पाहिजे. पाच वेळा झालं तर कोणी पाठ थोपटत नाही.

मानपाड्याला मितेश पाटलांच्या वर्कशॉपमध्ये त्या दुपारी ते पाच वेळाच झालं. सहाव्या वेळी इंजिन दोनदा कण्हलं, अर्धवट फिरलं आणि गप्प बसलं. बाटलीत जोर उरला नव्हता.

संचिता या वर्कशॉपची इंजिनिअर. बंदरात मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या एका टगसाठी ही हवेची यंत्रणा होती आणि तिने स्वतः आखलेली ती पहिलीच. इतकी वर्षं बाहेरच्या कन्सल्टंटच्या डिझाइनमधल्या चुका निस्तरण्यात तिची बुद्धी खर्ची पडत होती. यंदा मितेशशेठ म्हणाले होते, "तूच कर. जमलं तर यापुढे सगळी तुझीच." नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

"मोठी बाटली लावू की," मितेशशेठ म्हणाले.

"कुठे लावणार? टगच्या इंजिनरूममध्ये उभं राहायला जागा नाही."

तिने प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडून पाहिलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. गळती नव्हती, गणित तिने तीनदा तपासलेलं होतं, तरी दर स्टार्टला हिशेबापेक्षा जास्त हवा जात होती. मग तिचं लक्ष लिव्हरवरच्या हाताकडे गेलं. तो हात देवरामकाकांचा होता.

देवरामकाका मूळचे कोकणातले. जन्म गोदीत गेला, निवृत्त झाल्यावर इथे टेस्टिंगला आले. इंजिन पेटलं, धडधडायला लागलं, तरी ते लिव्हर सोडत नसत. आणखी थोडा वेळ धरून ठेवत आणि तेवढ्या वेळात हवा फुकट जाई.

"काका, इंजिन पेटल्यावरपण कशाला धरून ठेवता?" संचिताचा आवाज चढला. "माझं सगळं डिझाइन तुम्ही हवेत घालवताय."

सगळं वर्कशॉप ऐकत होतं. लेथवरचा राकेशही थांबला.

"गोदीत आमका तसाच शिकवल्यानी," देवरामकाका हळू म्हणाले. "लवकर सोडलं आणि इंजिन परत बसलं तर मुकादम सोलून काढायचा. हाताक सवय लागली, बाय."

"सवय मोडा मग. बघा, मी दाखवते."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. राकेशने बाटली पुन्हा भरली. संचिताने लिव्हर ओढला. बाटलीतून तोफेसारखा आवाज निघाला, पायाखालची फरशी हादरली आणि ती लोखंडी राक्षसीण तिच्यापासून हातभर अंतरावर फिरायला लागली. मनात तिने ठरवलं होतं, पेटलं की सोडायचं. पेटलं. मन सांगत होतं सोड, आणि बोटं मात्र लिव्हरला चिकटून बसली होती. पेटलंय की नुसतं फिरतंय? सोडलं आणि बसलं तर? जेव्हा सुटला तेव्हा हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा देवरामकाकांच्या वेळेपेक्षाही खाली गेला होता.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला निघालेल्या बाईला आपलं मुसळ सगळ्यांसमोर सापडलं होतं. तिला भयंकर लाज वाटली. देवरामकाकांनी चिंधीने हात पुसले आणि ते मागच्या शेडमध्ये निघून गेले.

मितेशशेठना मात्र वाट सापडली. "अगं सोप्पं हाय. राकेशचा हात हलका. त्याला शिकव पटकन सोडायला. सर्व्हेयर मॅडम तपासायला येतील, सहा मोजतील, सही करून जातील. सुंठीवाचून खोकला जाईल."

"उद्या सांगते," संचिता म्हणाली. स्कूटी काढून ती कोपरला घरी आली. मोह तिला झाला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पहिलं डिझाइन हातचं जाताना कोणाला मोह होत नाही?

जेवताना तिला भाकरी मोडता येईना. तळवा ठणकत होता. तिची आई नंदा डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात नर्स. तिने हात उलटा करून पाहिला, तर लिव्हरचा वळ उठलेला.

"एवढं घट्ट काय धरलेलंस?"

संचिताने सगळं सांगितलं. नंदा तेल चोळत ऐकत होती.

"अगं, टाके घालताना माणसं माझं मनगट असंच धरतात. सोडा म्हटलं की आणखी आवळतात. मी आता सोडा म्हणतच नाही. धरू दे बापडे. माझं काम दुसऱ्या हाताने चालू असतं."

संचिताने हात सोडवून घेतला. मग तो तसाच तेलकट ठेवून ती कागद घेऊन टेबलाशी जाऊन बसली.

सकाळी ती मितेशशेठसमोर उभी राहिली. "राकेश टगवर जाणार आहे का?"

"तो कशाला जाईल?"

"मग त्याच्या हाताचा काय उपयोग? तिथे वारा असणार, मागे दोरावर मोठं जहाज असणार, इंजिन बंद पडलेलं असणार. घाबरलेला माणूस लिव्हर सोडत नाही. मी सोडला का? आपण त्याला धरू देऊ. हवा आपण बंद करू." तिने कागद पुढे सरकवला. फ्लायव्हीलजवळ, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाजवळ, एक सेन्सर. इंजिन स्वतःच्या जोरावर फिरायला लागलं की सेन्सरच्या इशाऱ्यावर एक व्हॉल्व मिटायचा आणि हवा थांबायची, मग लिव्हर कोणी कितीही धरून ठेवो. सेन्सर रुसलाच तर हाताने उघडायची वेगळी वाट होतीच.

मितेशशेठनी डोकं खाजवलं. "आणि नाय चाललं तर?"

"तर पुढचं डिझाइन बाहेर द्या."

बोलून गेल्यावर शब्द परत घेता येत नव्हते. मितेशशेठनी कागद उचलून राकेशच्या हातात दिला आणि कामाला लागायला सांगितलं.

मग ती मागच्या शेडमध्ये गेली. देवरामकाका एक जुना व्हॉल्व घासत बसले होते. "काका, मी चुकले. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

"माझा हातच वाईट, बाय. तू बोललंस ता खोटा नाय."

"म्हणूनच आले. सर्व्हेयरसमोर लिव्हर तुम्ही धरायचा."

त्यांनी घासणं थांबवलं. "मी? राकेश आसा ना."

"राकेशच्या हातावर पास झालं तर राकेश पास झाला. तुमच्या हातावर झालं तरच माझं डिझाइन पास झालं. आणि काका, मुद्दाम लवकर सोडायचं नाही. नेहमीसारखंच धरायचं."

सेन्सर आणि व्हॉल्व बसवून झाल्यावर सर्व्हेयर वैशाली मॅडम आल्या, तेव्हा मितेशशेठ घामाने भिजले होते. मॅडमनी बाटलीचा काटा पाहिला, हवा भरणारा कंप्रेसर बंद असल्याची खात्री केली आणि लिव्हरपाशी उभ्या असलेल्या पिकल्या केसांच्या माणसाकडे पाहिलं. "हे चालवणार? सुरू करा."

पहिला स्टार्ट झाला. इंजिन पेटलं, देवरामकाका धरून होते आणि व्हॉल्व खटकन मिटला. हवेचा फूत्कार थांबला. काटा जरासाच खाली आला. संचिताने श्वास सोडला, पण थोडाच. इंजिन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. दुसरा झाला, तिसरा, चौथा. पाचव्याला मितेशशेठ बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना बघवेना.

सहाव्याच्या आधी देवरामकाकांनी तिच्याकडे पाहिलं. या एका स्टार्टसाठी तरी लवकर सोडू का, असं त्यांचे डोळे विचारत होते. संचिताने मान हलवली. नाही. धरा.

त्यांनी लिव्हर ओढला. इंजिन कण्हलं, एक फेरा सावकाश, दुसरा त्याहून जरा बरा, आणि पेटलं. व्हॉल्व मिटला. धडधड वर्कशॉपभर भरून राहिली. वैशाली मॅडमनी वाकून काटा पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अजून एक निघेल यात," त्या म्हणाल्या. "डिझाइन कोणाचं?"

मितेशशेठ दारातूनच ओरडले, "हिचं, हिचं," आणि आत धावत आले. संचिता देवरामकाकांकडे वळली. ते अजून तसेच उभे होते, डोळे भरलेले, लिव्हर गच्च धरून.

"काका, झालं. सोडा आता."

"ऱ्हवांदे गो जरा," ते म्हणाले.

तिने राहू दिलं. इंजिन आपलं चालत होतं आणि बाटलीचा काटा जिथल्या तिथे होता.