पतला पर्दा

मशीनीतलं आमच्या किन्हीराजात कोनाले समजत असन त मले. फुशारकी नाई मारून राह्यलो. चार साल टुरिंग टॉकीजच्या तंबूत ऑपरेटर होतो. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, देवाचे टाक नदीत सोडले अन मले सांगतलं, इंद्रभान, हातात हुन्नर ठेव, हुन्नराले कोनी जात इचारत नाई. बाप भोयाभाबडा होता माहा.

त्या हुन्नरापायीच चंपतभाऊ माह्या दारात आला. त्याची भाजीपाल्याची बागाईत, कांदा-कोबी पार कारंजाच्या बाजारात जाये. म्हने, "घरातच सिनेमा पाह्यजे गड्या. मशीन, आवाजाची पेटी, पर्दा, सारं तू निवड. मले टरबूज ठोकून पाहाले सांग, हे काई समजत नाई."

माही माय, भागिरथा, चुलीपासी आयकत होती. ती पन्नाशीले टेकल्यावर विहारातल्या वर्गात बाराखडी शिकली होती. तवापासून एसटीची पाटी, बिडीचा कागद, दिसन ते वाचे. तिनं इचारलं, "पिक्चरच्या सुरुवातीले नावं येतात न रे? मले येईन का वाचता?"

चंपतभाऊ हासला. "काहून नाई येनार? भागिरथामाय, पह्यल्या शोच्या दिवशी पह्यल्या लाइनीत बसा. मोठ्यानं वाचा, आमी आयकू."

महिनाभर मायले दुसरा इषय नव्हता. वावरात निंदाले गेली तरी बायाईले सांगे, मी वाचनार हावो म्हनून. पाटी घेऊन बसे अन जोडाक्षरं गिरवे. मले त तिचं हसूच ये.

आमी अमरावतीले गेलो. दुकानदारानं मोठ्या बल्बाची मशीन पुढं केली. म्या म्हनलं, आमच्या गावात लाइट मरतुकडी येते, हा बल्ब तिथं डोया उघडनार नाई, बारकी दाखव. चंपतभाऊले समोरून सोनेरी जाई बसवलेली पेटी आवडली होती. दुकानदार गानं लावाले गेला, म्या म्हनलं, गानं नको, बोलनं लाव. गान्यात खराब पेटीबी गोड लागते. बोलनं साफ आलं त पेटी खरी. सोनेरी पेटीतून बाई बोलली त नाकात बोलल्यावानी आलं. म्या कोपऱ्यातली साधी लाकडी पेटी उचलली. चंपतभाऊनं मान हालवली, म्हने, तू म्हनशीन तसं.

मंग पर्दा. दुकानदारानं दोन दाखवले. एक जाड, मांगून काया अस्तराचा, उजेड आरपार जात नाई, चित्र कसं चकचकीत. दुसरा पतला, निस्ता मांजरपाट.

चंपतभाऊ म्हने, "जाड घ्यू न?"

म्या म्हनलं, "पतला घ्या भाऊ. तंबूत आमी पतलाच लावो. मांगूनबी दिसते. घरात मानसं मावनार नाई, मांगं आंगनात गाव बसन."

मांगून सारं उलटं दिसते, हे मले मालूम होतं. डावा हात उजवा, उजवा डावा. पन अजिबात न दिसन्यापेक्षा उलटं दिसलेलं बरं, असं मले वाटलं. म्या गावाचा इचार केला. मले अक्कल आली होती न.

संक्रांतीच्या दिवशी पह्यला शो ठेवला. म्या दिवसभर मशीन साफ केली, माजघराच्या दरवाज्यात पर्दा तानून बांधला. अलीकडं चंपतभाऊचा दिवानखाना, पलीकडं गोठ्याचं आंगन. दिवेलागनीले माय आली, धुतलेलं लुगडं नेसून. दारात चंपतभाऊची बायको कस्तुराबाई बायाईच्या हातावर तिळगूळ देत होती. मायच्या हातावर तिनं तो वरून सोडला अन म्हने, "गोड बोला. तुमी बाजूच्या अरुंद बोयीतून मांगं जा, मांगं पोते आथरले हायेत."

म्या मशीन सोडून दारात गेलो. "चंपतभाऊ, माय पह्यल्या लाइनीत बसनार होती."

त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवाले त्याले काई वाटत नसे, मशीनीचा मानूस मी. "सोयरे आले रे बापा. बाया काय म्हनतीन? अन पर्दा त तुनंच असा निवडला का दोन्हीकून दिसते. बराबर ध्यानात ठेवलं होतं तू."

पह्यल्या लाइनीत तीन गाद्या रिकाम्या होत्या. म्या मोजल्या. माय बोयीतून गेली.

बटन माह्या हातात होतं, हे सांगतो. म्या ते बंद ठेवू शकत होतो. पेटी उचलून घरी जाऊ शकत होतो. पन म्या रील चढवली, बल्ब पेटवला, अन नावं पुसट आली त भिंग फिरवून ती साफबी केली. सोयरे वा वा म्हनले. मले बरं वाटलं, हे त अजून लाजिरवानं.

शो सुटल्यावर मी अन माय घराकडं निंगालो. अर्धा रस्ता ती पुढं पुढं चालली. मंग म्हने, "मले वाचता नाई येत रे. एक अक्षर वयखू नाई आलं. मास्तर उगाच शाबास म्हने."

"माय, तुले वाचता येते. मांगून अक्षरं उलटी दिसतात."

ती थांबली. "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग पतला पर्दा कायले निवडला?"

"मांगं बसनाऱ्याईसाठी."

मायनं मुठीतला तिळगूळ पाह्यला. तिनं तो खाल्ला नव्हता. रस्त्याच्या कडेले टाकला अन हात लुगड्याले पुसला.

"मंग बराबर हाय," ती म्हने. "आपल्यासाठीच आनला तू."