निळ्या खुर्चीला झेंडूची माळ

मी एक जुनी, निळी, फिरती खुर्ची आहे. पण मित्रांनो, आज दसरा आहे, माझ्या पाठीवर झेंडूची माळ आहे, आणि आनंदाने माझी चाके जागच्या जागी थरथरत आहेत!

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका बड्या कंपनीत माझी उमेदीची वर्षे गेली. चादरींची नक्षी काढणाऱ्या सुकन्याताई माझ्यावर बसत. माझ्यात एकच खोड होती: बसणाऱ्याला घेऊन मी हळूहळू खाली जाई. दुपारपर्यंत ताईंची हनुवटी टेबलाला टेके. दुरुस्तीची मागणी मुख्य कार्यालयात गेली आणि तिथेच विरघळली. ताईंची नक्षीही तिकडेच जाई. "विचार चालू आहे" एवढाच प्रतिध्वनी परत येई. ताई स्वतःच दुरुस्तीला सरसावल्या, तर साहेब कडाडले, "मॅडम, कंपनीच्या वस्तूला हात लावायचा नाही!" खंडेनवमीला यंत्रांना हार मिळत, माझ्यावर ताई गुपचूप एक पाकळी ठेवत.

मग कपात जाहीर झाली. ताईंचे ओळखपत्र काढून घेतले, त्याच दुपारी मी भंगाराच्या टेम्पोत पडले. फाटकाशी ताईंनी टेम्पो अडवला.

"मोडकी हाय की ताई! बसलं की खाली जाती," भंगारवाले मल्लिनाथ हसले.

"मोडकी नाही हो. हिच्याकडे कुणी बघितलंच नाही. द्या इकडं."

ताईंनी भवानी पेठेत एक खोली घेतली. मला उलटे केले, प्लास्टिकच्या नळीचा तुकडा उभा चिरून माझ्या दांड्याभोवती घट्ट बसवला, म्हणजे मी खाली घसरणार नाही. काल खंडेनवमीला माझी पूजा झाली. आणि आज चादरींचे माग चालवणाऱ्या कमलम्मा नक्षी पाहायला आल्या. त्यांनी नकार दिला असता, तर भाड्याअभावी ही खोली सोडावी लागली असती.

देहाने भारदस्त कमलम्मा थेट माझ्यावरच बसल्या! मी श्वास रोखला.

"पाडती का काय गं ही मला?"

"बसा की बिनधास्त."

समोर ज्वारीच्या कणसांची नक्षी उलगडली. कमलम्मा पुढे झुकून एकेक कणीस निरखू लागल्या. ताईंची बोटे पदराशी चाळा करत होती. मी मात्र तसूभरही खचले नाही.

"कंपनीला हे नको होतं व्हय? डोळं फुटलं हुतं का त्यांचं?" कमलम्मा उसळल्या. "उद्याच मागावर चढवू. आन् ही खुर्ची मला दे की!"

"नक्षी घ्या. खुर्ची नाही मिळायची!"

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत काही डुगडुगत असेल, तर फेकण्याआधी एकदा उलटे करून पाहा. कुणी पाहावे, एवढीच त्याची आस असते. बाकी नंतर बोलू. ताई बसायला येत आहेत, आणि मला आता उंच राहायचे आहे!