टाकून जाते

आमच्या चामटोलीत पोर कुठंय विचारलं तर बायका सरळ सांगतात, आजीकडे टाकलंय. म्हणजे ठेवलंय, कामावरून येताना घेऊन जायचं. त्यात वावगं काही नाही.

माझी सून स्वप्नाली माझ्या कैलासपासून वेगळी झाली आणि खरवईला भाड्याने राहू लागली. तरी सात वर्षांच्या किर्तीला रोज सकाळी माझ्याकडेच टाकून ती उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये शिलाईच्या कारखान्यात जायची. डबा, दप्तर, खोकल्याचं औषध, सगळं हातात द्यायची. पोरीला दुपारच्या शाळेत न्यायचं-आणायचं मी करायचे. मी फटकळ बाई, सुनेला टोमणे मारल्याशिवाय माझा दिवस जात नव्हता. पण आई म्हणून तिला नाव ठेवायला जागा नव्हती आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

मग कैलासने पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला. तिथल्या समुपदेशक मॅडम लांबच्या, नागपूरकडच्या. बाई चांगली. त्यांनी किर्तीशी एकटीशी बोलून घेतलं आणि मग मला आत बोलावलं.

"ही म्हणते, आई मला रोज टाकून जाते. म्हणजे एकटी सोडून जाते का हो?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो, माझ्याकडे टाकते. पण पोर कायमची घरात येईल, ही हाव सुटली मला मेलीला.

"लहान पोर खोटं बोलेल का, मॅडम?" मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं. स्वप्नाली नंतर रडून सांगत होती म्हणे, मी सासूबाईंकडे ठेवते, त्यांनाच विचारा. मॅडमचं मला विचारूनच झालं होतं.

निकाल लागेपर्यंत पोर बापाकडे, आईला रविवारचे दोन तास. कैलास अंबरनाथला कंपनीत ड्युटीला जाताना पोरीला माझ्याकडेच टाकून जातो. त्याला कोणी जाब विचारत नाही. मला माझीच लाज वाटते. रविवारी स्वप्नाली दारात येते तेव्हा मी मोरीत भांडी घासत बसते, घासलेलीच परत घासते. ती मला अजून आई म्हणूनच हाक मारते.

काल वेणी घालताना किर्ती म्हणाली, "आजी, मी मॅडमना काहीतरी वाईट बोलले ना? म्हणून मला आईच्या घरी राहता येत नाही."

मी म्हटलं, "नाही गं बाय. तू खरंच बोललीस. खोटं मी वागले."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग तू जाऊन मॅडमना सांग ना," ती म्हणाली, आणि अर्धी वेणी तशीच सोडून माझ्या चपला घेऊन आली.

मी तिला म्हणाले, आज कोर्टाला सुट्टी आहे. काल मंगळवार होता, कोर्ट चालू होतं.