हळद फेकली, पाणी ठेवलं

सहासष्ट साली, चैत्रातल्या एका सोमवारी, दुपारी बरोब्बर साडेबाराला भगवंतनं डबा उघडला आणि वासानंच त्याला उमासा आला. तिथून हे सगळं सुरू झालं. मी त्या भगवंतचं यकृत बोलतोय. त्याच्या उजव्या बरगड्यांखाली असतो. बोकडाचं असलं की कलेजी म्हणून मिटक्या मारत खाता; आपलं मात्र दुखेपर्यंत कुणाला आठवत नाही.

मला रविवार नाही. आतड्यातलं रक्त आधी माझ्याकडे येतं. चांगलं ठेवायचं, विष मारायचं. जुनं रक्त मोडलं की पिवळा रंग सुटतो, तो मी कडू पित्तात घालून नळीनं आतड्यात सोडतो. थोडं पित्त खालच्या पिशवीत साठतं; जेवणात तेलतूप आलं की ती पिशवी आवळते. झालं, हे रोजचं. वर संध्याकाळची ताडी, तीही मीच निस्तरायची.

भगवंत साताऱ्याकडचा, तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर मजूर. सालवडला झोपडी, बायको नर्मदा, अंगावर पिणारी आठ महिन्यांची पोर. पाणी झिऱ्याचं, म्हणजे सुकल्या ओहोळात वाळू उकरून केलेल्या खड्ड्याचं. वरच्या अंगाला सगळी वस्ती परसाकडे जायची. त्याच पाण्यातून रोग आला आणि मी सुजलो. पित्त पुढं सरेना, रंग रक्तात परतला. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं.

पिवळं नको म्हणून नर्मदेनं घरातली हळद फेकली. पाणी तेच ठेवलं.

मग कावीळ उतरवणारा जिवल्या आला. त्यानं भगवंतच्या हातांना झाडाच्या सालीचा रस चोळला, वर चुन्याची निवळी ओतली. परातीत पिवळंधमक पाणी!

"बघ बाय, कशी उतरते! आता घाबरायचं नाय."

"काका, माझेपण धुवा ना. पोर पिते माझ्या अंगावर."

तिचेही हात पिवळे निघाले.

"तुला पन हाय गो!"

अहो, निघणारच! साल आणि चुना एकत्र आले की तो रंग येतो. पित्त काही तळहातातून धुऊन निघत नाही.

नर्मदेनं पोरीला अंगावरून तोडलं. झिऱ्याच्या पाण्यात साखर कालवून चमच्यानं पाजू लागली. पोर रडून रडून मलूल झाली.

"अगं, घे तिला," भगवंत पडल्या पडल्या म्हणाला.

"आणि माझं दुखणं तिला देऊ?"

"मग डाक्तरला तरी विचारू. चल, मीपण येतो."

तिसऱ्या दिवशी दोघं बोईसरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी नर्मदेच्या पापण्या खाली ओढल्या.

"पांढरेस्वच्छ आहेत डोळे. तुला कावीळ कुणी सांगितली?"

"हात पिवळे निघाले, बाई."

"आण तो चुना, माझेही निघतील! आधी पोरीला घे. आणि काय गं, पाणी उकळतेस का?"

नर्मदेनं नाही म्हणून मान हलवली आणि पोरीला जवळ घेतलं. पदराआड पोर घटाघटा पिऊ लागली, तशी ती हमसून रडली.

भगवंतची ताडी बंद झाली. माझी सूज हळूहळू ओसरतेय, पण मी फार दमलोय. घोर आहे तो पोरीचा. दोन दिवसांचं ते पाणी तिच्या पोटात गेलंय, आणि हा रोग महिनाभर लपून बसतो. तिच्या बरगड्यांखाली माझ्यासारखंच एक आहे, इवलंसं. त्याच्या वाट्याला काय आलंय, अजून कळायचंय.

म्हणून विनवतो, झिऱ्यावर हंडा घेऊन येणाऱ्या एकेकीला सांगा: पाणी खळखळा उकळा. डोळे पिवळे दिसले तर दवाखाना गाठा. आणि परातीतला रंग बघून लेकराचं दूध तोडू नका. मी आतून कितीही ओरडलो तरी त्यांना ऐकू जात नाही. तुमचं जाईल.