गिरणीच्या आगीचा दिवस

सातवीच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला असायचा. त्यावर लिहिलेलं, ‘आजच्या दिवशी’. इतिहासाच्या बाईंचा हा नेमच होता. पूर्वी या तारखेला जगात काय घडलं ते रोज एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायचं. चंद्रावरचं पहिलं पाऊल झालं, टेलिफोनवरचं पहिलं बोलणं झालं. एका राजाचा शिरच्छेद झाला त्या दिवशी तर पोरं इतकी खूश, की बाईंनाही हसू आवरेना.

वर्षातला एक दिवस मात्र बाई शाळेतच येत नसत. किरकोळ रजा टाकून घरात दार लावून बसत. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. यंदा निम्मे शिक्षक तापाने आडवे पडलेले. मुख्याध्यापकांनी अर्ज बघून सरळ हातच जोडले. “बाई, एवढ्या खेपेला सांभाळून घ्या.”

बाई आल्या, तर दारात चिमणी उभी. आवाज बारीक म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. आज तिची पाळी होती, आणि तिने एका म्हाताऱ्या बाईंचा हात धरलेला.

“बाई, माझी गोष्ट पुस्तकात मिळाली नाही. म्हणून आजीलाच आणलंय.”

“कसली गोष्ट?” बाईंनी विचारलं. उत्तर माहीत असूनही.

“गिरणीच्या आगीची.”

‘आज नको, पुढच्या आठवड्यात बघू,’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण आजी लंगडत आत येऊन खुर्चीवर टेकल्यासुद्धा. बाई मुकाट्याने मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“आमची सकाळची पाळी होती,” आजींनी सुरुवात केली. “आधी धूर आला. आम्ही मागच्या दाराकडे धावलो, तर बाहेरून कुलूप.”

“कुलूप कशाला?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

“बायका मधेच बाहेर जातात, काम बुडतं, म्हणून.”

आजींनी अधू पाय जरा पुढे घेतला.

“मी खिडकीतून उडी टाकली. पाय गेला, जीव राहिला. माझ्या मागे होत्या त्या राहिल्या मागेच.”

“किती जणी होत्या, आजी?”

“आकडा पेपरवाल्यांनी छापला, बाळा. आम्ही नावं घेतो.”

आजी एकेक नाव घेऊ लागल्या. कोण कुठल्या यंत्रावर होती, कोण तापट होती, कुणाचं लग्न ठरलं होतं. न सांगताच मुलांनी वह्या उघडल्या आणि नावं उतरवायला घेतली. मधेच आजी अडखळल्या.

“अजून एक होती. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून गायची. इतकी बेसूर, की आम्ही हात जोडायचो तिच्यापुढे. पण ती आली नाही, की दिवस जाता जात नसे. काय बरं तिचं नाव... मेलं आठवेना बघा.”

मागच्या भिंतीकडून नाव आलं. आडनावासकट.

सगळ्या माना वळल्या. आजींनी चष्मा सावरला. “तुम्ही ओळखायचात तिला?”

“माझी आई,” बाई म्हणाल्या. “मी या मुलांएवढी होते तेव्हा.”

आजी ओशाळल्या. “माझी जीभ झडो. बेसूर काय म्हणाले मी...”

“होतीच बेसूर,” बाई म्हणाल्या. आधी हसू आलं आणि मग इतक्या वर्षांचं दाटलेलं सगळंच आलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. चिमणी धावत जाऊन त्यांना बिलगली. आजी बसल्या जागीच डोळे पुसत राहिल्या.

खिडकीजवळच्या मुलाने पेन हातात धरूनच हळूच विचारलं, “बाई, तुमच्या आईच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी?”

“दुसरी,” बाई म्हणाल्या. “दे, मी फळ्यावर लिहिते.”